वळण

तिसरीचा फोटो निघत नाही.
पहिलीपाशी बंदूक असते, चौथीपाशी फीत,
दुसरीला सरळ रेष मिळते,
आणि मारिल्दाची ढांग बघायला तर लोक वहाणा काढून बाकावर चढायचे.
मी वळणावर.
झेनाइदे पेइशोतो, चार गुणिले शंभर.
अकरा वर्षं.

आमच्या ओरिन्योसची माती लाल,
इतकी, की पांढरा मोजा फक्त दुकानात पांढरा.
आई ऊसतोडीला जायची, पहाटे चारच्या ट्रकमधून.
एकदा डबा विसरली.
मी ट्रकमागे पळाले, डबा उजव्या हातात, ओरडले,
ती पुढे तोंड करून बसलेली,
मागे न बघता तिनं डावा हात लांबवला.
भात सांडला नाही.

सायकल धरून उभे होते सेउ आमिल्कार,
शाळेत भूगोल शिकवायचे, शिट्टी मात्र स्वतःच्या पैशांची.
म्हणाले, कुणाची पोर?
शेजारीण म्हणाली, पेइशोतोंची. वळण नाही तिला.

मग त्यांनी फुटबॉलच्या मैदानाभोवती चुना ओतला
आणि मला वळण लावलं.
डावा खांदा किंचित खाली. नजर आतल्या रेघेवर.
वळण तुला बाहेर फेकू बघेल, म्हणाले,
तू ऐकायचं नाहीस.

साओ पावलोत क्लबची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली,
रविवारी छतावर हजारो पाय.
दिवसा सुपरमार्केटात लोकांच्या पिशव्या भरायच्या,
अंडी वर, साबण वेगळा.
दोनशे मीटरच्या निवडीत मी चौथी आले.
पुढच्या वर्षी चौथी.
त्याच्या पुढच्या वर्षी अंगात ताप होता,
तरी चौथीच.
तिघी एकेकट्या पळायला विमानात बसल्या,
आणि रिलेला चार हात लागतात,
म्हणून मी.

लीमात कांस्य मिळालं.
पेपरात तायनारा: फुगलेली छाती, उघडं तोंड.
तिच्या कोपराखालच्या फटीत, बोटभर, धूसर,
गुडघ्यांवर हात टेकून वाकलेलं कोणीतरी.
आईनं तेवढंच कापून फ्रिजला चिकटवलं.

कराकासमध्ये बॅटन पडली.
अजूनही कुणी ना कुणी विचारतंच.
मी ‘वाय!’ ओरडले, म्हणजे नीघ. तायनारा निघाली.
तिचा हात मागे आला, माझा पुढे गेला,
मध्ये चार बोटं हवा राहिली.
फार मोठा आवाज नसतो तो.
लग्नघरात पेला पडतो तसा,
सगळे एकदा वळून बघतात
आणि मग मुद्दाम बघत नाहीत.
कोणाची चूक, हे मला ठाऊक आहे.
मी सांगणार नाही.

तायनारा वर्षभर बोलली नाही.
मग मुलीच्या बाप्तिस्म्याला बोलावलं.
चर्चच्या पायरीवर बाळ माझ्याकडे देताना विचारलं,
“धरलंस?”
मी म्हटलं, “आधी तू सोड.”
दोघी हसलो, बाळ रडलं, पाद्री खाकरला.

पुढे टाच गेली. डावी.
मोची सांगतो, चालतानाही तुमच्या बुटाची
डावीच कड आधी झिजते, बाई, कुठे वळता एवढ्या?

वळणाचं पाणी वळणावर.
आता ओरिन्योसच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवते.
चुना मीच ओतते. बॅटन मागितल्या, अर्ज गेला, अर्ज हरवला,
म्हणून उसाची कांडी, एक वीत अन् चार बोटं.
पोरं पळता पळता चघळतात,
चौथ्याच्या हाती पोचेपर्यंत निम्मी.

परवा एकीनं विचारलं, फीत तोडताना कसं वाटतं?
मला नाही माहीत.
मला माहीत आहेत हात रिकामा झाल्यानंतरची
आठ-दहा पावलं.
थांबता येत नाही म्हणून पडतात ती,
घड्याळ तोवर दुसरीच्याच मागे लागलेलं असतं.

कांड्यांना मुंग्या लागल्यात.
उद्या नव्या तोडून आणायला हव्यात.